कपलर माझ्या हातात आणि न्यूट्रलचा दिवा पेटलेला

गेल्या पावसाळ्यात साताऱ्यातील माझ्या गॅरेजमध्ये माध्यमिक शाळेतील एक शिक्षक आपली 150 सीसीची, पाच गिअरची मोटारसायकल ढकलत घेऊन आले, तेव्हा त्यांच्या डाव्या गुडघ्याला पट्टी बांधलेली होती. सकाळी सेल्फचे बटण दाबताच गाडीने उडी मारली आणि ती अंगणातील तुळशीवृंदावनावर जाऊन आदळली. "अहो दादा, मीटरवर न्यूट्रलचा हिरवा दिवा होता, मग गाडी गिअरमध्ये आहे हे मला कळणार कसे?" असे त्यांनी विचारले. हा प्रकार तिसऱ्यांदा घडला होता. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गिअरचा स्विच नवीन बसवून झाला होता. जुना स्विच त्यांनी डिकीत जपून ठेवला होता.

या गाडीत गिअर बदलला की इंजिनमधील गिअर ड्रम फिरतो आणि त्याच्या टोकाला असलेली, मागे स्प्रिंग लावलेली बारीक पिन स्विचमधील त्या त्या गिअरच्या पितळी ठिपक्यावर टेकते. पाच गिअर आणि न्यूट्रल अशा सहा वायरी तिथून मीटरकडे जातात आणि ज्या वायरीला पिनेमार्फत बॉडीची अर्थ (म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याशी विजेची जोडणी) मिळते तेवढाच आकडा मीटर दाखवते. मीटरला गिअर दिसत नसतो, त्याला फक्त अर्थ झालेली वायर कळते. न्यूट्रलच्या वायरीवर आणखी एक जबाबदारी असते: ती अर्थ असेल तर क्लच न दाबताही सेल्फ लागतो. म्हणूनच चुकीचा आकडा दिसणे ही एक कटकट असली, तरी खोटा न्यूट्रल हा अपघाताचा मामला होय.

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मी पुढच्या स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) कव्हर उघडले. इंजिन बंद असताना नुसता पाय मारून गिअर पडत नाहीत, म्हणून मागचे चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाकला आणि स्विचच्या कपलरवर (स्विचच्या वायरी मीटरच्या वायरींना जोडणाऱ्या प्लगवर) मल्टिमीटर लावला; वायरीला अर्थ मिळाली की त्याचा बझर वाजतो. न्यूट्रलला बझर वाजला, पहिल्या गिअरला न्यूट्रलचा बझर बंद झाला आणि पहिल्याचा वाजला; पाचव्यापर्यंत सारे चोख. तरीही नवीन भागावर माझा विश्वास बसेना, म्हणून स्विच खोलून पाहिला. पिन आणि स्प्रिंग जागेवर होत्या (खोलताना त्या उडून हरवतात आणि मग मेकॅनिक गुडघ्यांवर बसून तासभर जमीन चाचपत राहतो), ओ-रिंगही (तेल गळू न देणारी रबरी कडी) शाबूत होती. या सगळ्यात माझा तास गेला, आणि तो वाया गेला हे कबूल केले पाहिजे, कारण गुरुजींनी सांगितलेली एक गोष्ट मी कानाआड केली होती. चालत्या गाडीत आकडे कधीच चुकत नव्हते. बिघाड फक्त सकाळी, गाडी रात्रभर जिथे लावलेली असे तिथेच होत असे. आधीच्या गॅरेजवाल्याप्रमाणे मीही ते दवाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो.

स्विच पुन्हा बसवून मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, चावी चालू केली आणि मीटर कोरे होते का हे पाहण्यासाठी कपलर सोडवून हातात धरला. मीटर कोरे झाले, म्हणजे तेही बरोबर. तेवढ्यात माझ्या हाताखालच्या पोराला पलीकडचा पाना हवा होता, म्हणून त्याने वाटेत येणारे हँडल डावीकडे ढकलले आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा लख्ख पेटला. कपलर माझ्या हातात होता. स्विचचा आता मीटरशी काहीही संबंध उरलेला नव्हता. हँडल सरळ केले, दिवा गेला. पुन्हा डावीकडे वळवले, पुन्हा पेटला.

"गुरुजी, रात्री हँडल लॉक करता का?" मी विचारले. ते रोज करत. अंगणाला उतार असल्यामुळे गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवत, हँडल पूर्ण डावीकडे वळवून लॉक लावत आणि सकाळी लॉक उघडले तरी हँडल तसेच डावीकडे असताना हिरवा दिवा पाहून बटण दाबत.

हेडलाइटचा व्हायजर उतरवला तेव्हा बिघाड समोरच दिसला. तीन महिन्यांपूर्वी कोणीतरी जादा फॉगलॅम्प बसवले होते आणि त्यांच्या वायरी कंपनीच्या वायरिंगसोबत एकाच प्लॅस्टिकच्या पट्टीने ब्रॅकेटला करकचून आवळल्या होत्या. हँडल वळले की वायरिंगला सैल सरकायला जागा लागते. ती न मिळाल्याने न्यूट्रलची फिकट हिरवी वायर ब्रॅकेटच्या धारदार कडेवर घासत राहिली होती. गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत तिचे आवरण जाऊन आतले तांबे उघडे पडले होते, आणि समोर ब्रॅकेटवरचा काळा रंगही तेवढाच खरवडला गेला होता. पावसाने तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढू लागला होता.

खराब तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वरून श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली, ब्रॅकेटची कड कानशीने मारली आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवले तरी ताण येणार नाही इतके वायरिंग सैल ठेवून बांधले. बिल अडीचशे रुपये झाले. डिकीतला जुना स्विचही मी मल्टिमीटरवर तपासला. त्याच्या सहाही ठिपक्यांमध्ये काही दोष नव्हता. गुरुजींनी तो पुन्हा फडक्यात गुंडाळला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि निघण्यापूर्वी पाच-सहा वेळा हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून, वाकून मीटरकडे पाहत राहिले.