शेवटची लाँच गेल्यावर

सोमवार, रात्र. नेरूळ.

दोनदा पाय धुतले तरी नखांत मोराबंदरचा चिखल आहेच. दुपारी निघाले तेव्हा ऐन ओहोटी. धक्क्याला पाणीच नव्हतं, मग गुडघाभर चिखलातून होडी गाठली. मावशी काठावरून ओरडत होती, "चप्पल हातात घे गो, नाहीतर गिळेल तो!" वयाच्या चाळिशीतही मी तिला आठ वर्षांचीच वाटते.

काल संध्याकाळी न्हाव्याहून होडीने घारापुरी बेटावर, मावशीकडे गेले होते. त्याच वेळी बेटाच्या पलीकडच्या अंगाला गेटवेच्या शेवटच्या लाँच सुटत होत्या. पर्यटकांना घारापुरीवर मुक्कामाची परवानगी नाही. सकाळी येतात, लेणी बघतात, काकडी-कैरी खातात आणि साडेपाचच्या आत परततात. मग राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन गावांची हजार-बाराशे माणसं उरतात आणि बेट त्यांचं होतं. ओट्यांवर बायका येऊन बसतात. पोरं देवळापुढे क्रिकेट खेळतात. कोणीतरी उद्याच्या भरतीची वेळ विचारतं, आणि घड्याळात न बघता कोणीतरी ती सांगतं. मला घारापुरी म्हटलं की हेच आठवतं, लेणी नंतर.

लहानपणी मे महिन्याची सुट्टी इथेच जायची. सातला जनरेटर सुरू व्हायचा, दहाला बंद. त्या तीन तासांत जेवणं, अभ्यास, टीव्ही, सगळं उरकायचं. नंतर काळोख, डास आणि तिवरांतून येणारा पाण्याचा आवाज. आणि समोर न्हावा-शेवा बंदर. ते १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून तिथले दिवे रात्रभर जळतायत. क्रेनच्या माथ्यावरचे पिवळे दिवे पाण्यात हलायचे आणि इकडे मावशी कंदिलाची वात खाली करायची, रॉकेल पुरवायचं म्हणून. मी एकदा तिला विचारलं होतं, "मावशे, तिकडे रात्र होत नाही का?" ती काहीच बोलली नव्हती. माझ्या अंगावरची चादर तेवढी नीट केली होती तिने.

समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून २२ फेब्रुवारी २०१८ रोजी बेटावर कायमची वीज आली. स्वातंत्र्याला सत्तर वर्षं होऊन गेली होती. त्या रात्री मावशीने ओट्यावरचा दिवा पहाटेपर्यंत मालवलाच नाही. पहिली वस्तू घेतली ती फ्रिज. तोवर जास्तीची मासळी आली की सुकवायची, नाहीतर वाटून टाकायची. आता बर्फासाठी खाडी ओलांडावी लागत नाही, हे सांगताना तिचा चेहरा अजून उजळतो.

काकांच्या दुखण्याला मात्र वीज उशिरा आली असं मी म्हणणार नाही, कारण तिथे प्रश्न विजेचा नव्हताच. रात्री दोनला त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. अख्खं मोराबंदर उठून धक्क्यावर आलं. पण ओहोटी होती, होड्या चिखलात बसलेल्या. चार जणांनी त्यांना खुर्चीत बसवून चिखलातून पाण्यापर्यंत न्यायचा प्रयत्न केला, पाय रुतायला लागले तेव्हा परत आणलं. मग वाट बघत बसले सगळे, पाणी कधी चढतंय याची. समोरच्या बंदरात जहाजं रिकामी होत होती. दवाखान्यात पोचेपर्यंत उजाडलं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. मावशी म्हणते, मी त्यांना काय सांगणार, समुद्र नव्हता म्हणून? काका वाचले, हात गेला तो गेलाच. आज सकाळी ते ओट्यावर जाळं सांधत होते. फाटलेली बाजू पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेली, डाव्या हातात सुई. गाठ आवळायला दोरा दातांत. एका गाठीला मी मनात तीसपर्यंत मोजलं. मदतीला हात पुढे केला तर त्यांनी नुसती मान हलवली.

सोमवारी लेणी बंद असतात म्हणून मावशीलाही सुट्टी. तरी मला घेऊन टेकडी ओलांडून गेली, टपरीची ताडपत्री माकडांनी ओढली का ते बघायला. सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्हीकडे झाकलेल्या टपऱ्या, आणि एकही माणूस नाही. गुडघे दुखतात म्हणून ती दर दहा पायऱ्यांनी थांबते. बारा वाजेपर्यंत फिरायचं तर पाण्याची बाटली हवी, आणि उन्हाळ्यात या बेटावर पाणी हीच चैन. पाऊस चार महिने कोसळतो, पण मे महिन्यात हंडे मोजून भरतात.

आत जाता आलं नाही, पण तो सदाशिव डोळे मिटूनही दिसतो. साधारण अठरा फूट उंच, तीन मुखं, अखंड कातळातला. सहाव्या शतकातलं काम. कोणी कोरवून घेतलं याचा पुरावा असू शकला असता: लेण्याच्या दाराशी शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवला, तिथे तो वाचणारा कोणी मिळेना, आणि पुढे दगडच हरवला. दिओगो दो कुतो या त्यांच्याच इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. मला ही गोष्ट जितकी आठवते तितकी जीवाला लागते. किनाऱ्यावरच्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८१४ मध्ये त्या हत्तीचं डोकं आणि मान कोसळली, नंतर तुकडे मुंबईला नेले. आता तो सांधून राणीच्या बागेत उभा आहे. हत्ती गेला, नाव राहिलं. लाँचच्या तिकिटावर, पाट्यांवर, सगळीकडे एलिफंटा. मावशीच्या तोंडून मी हा शब्द एकदाही ऐकलेला नाही. ती "घारापुरी"सुद्धा क्वचित म्हणते. "गाव" म्हणते.

आमच्या मोराबंदरकडे तर बघायला येणारेही थोडेच. मागच्या टेकडीवर विटांचा जुना स्तूप आहे. किनाऱ्यावर रोमन कुंभांची खापरं सापडली, म्हणजे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीही कोणी भरतीची वेळ बघून याच काठाला गलबत लावत असणार. पोरं त्याच चिखलात चिंबोऱ्या धरतात. लहानपणी मी खापरांनी भातुकली खेळले आहे. त्यातलं एखादं कुठलं होतं कोण जाणे.

परतताना होडीतून उत्तरेला अटल सेतू दिसत होता. गाड्या मुंग्यांसारख्या सरकत होत्या. न्हाव्यापर्यंतचं पाणी पार करायला आम्हाला लागला तेवढ्याच वेळात त्या मुंबईला पोचत असतील. मला त्या पुलाचा राग नाही, मी रोज त्याच्या जवळून जाते. पण बेटावर रात्री अपरात्री माणूस हलवायला भरतीची वाट न बघणारा एक धक्का आणि एक बोट, एवढंच हवंय. काही हजार कोटींचं मागणं नाही ते.

आत्ताच मावशीचा फोन आला. पोचलीस का, जेवलीस का, बोईट मासे फ्रिजमध्ये ठेवलेस का. मागून काकांचा आवाज. बोलताना त्यांची जीभ अजून अडखळते, म्हणून मावशीने दोनदा सांगितलं. पुढच्या वेळी येताना नायलॉनचा दोरा आणायचा. पांढरा नको. हिरवा.