तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेचं बातमीपत्र घरी जातं, तरी पालक फोन का करतात?

‘दर पंधरा दिवसांनी बातमीपत्र काढतो, सूचनाफलक भरलेला असतो, मोबाइलवर निरोपही जातो. तरी सहलीच्या आदल्या रात्री पालक विचारतातच, उद्या मुलांना किती वाजता पाठवायचं? मग आम्ही लिहितो कोणासाठी?’ माध्यमिक शाळेत बातम्या आणि आगामी उपक्रमांच्या सूचना सांभाळणारे शिक्षक हा प्रश्न नेहमी विचारतात. त्यात थकवा असतो आणि तो खरा असतो.

पालक बातमीपत्र उघडतात, पण हवं ते त्यात सापडत नाही, म्हणून फोन करतात. बहुतेक अंकांची मांडणी सारखीच असते. आधी मनोगत, मग गेल्या महिन्यातला समारंभ, मग बक्षिसं आणि छायाचित्रं, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी ‘आगामी उपक्रम’. घरी मात्र अंक हातात घेणाऱ्या माणसाला आधी पुढचं ठरवायचं असतं. कोणत्या दिवशी डबा लवकर करायचा, कधी न्यायला जायचं, कोणत्या कागदावर सही हवी. म्हणून पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग येणाऱ्या तीन आठवड्यांना द्या. झालेल्या गोष्टी त्याच्या खाली. मनोगत आत गेलं तरी कोणाची गैरसोय होत नाही.

एका उपक्रमाच्या सूचनेत आठ गोष्टी लागतात: काय आहे, कोणत्या इयत्तेसाठी, वार आणि तारीख, सुरू होण्याची वेळ, सुटण्याची वेळ, नेमकी जागा, सोबत काय आणायचं, आणि शंका असल्यास कोणाला विचारायचं. पैसे किंवा संमती लागणार असेल तर त्याची शेवटची तारीख ही नववी. यातली सर्वांत जास्त वेळा गळते ती सुटण्याची वेळ. लिहिणाऱ्याच्या डोक्यात कार्यक्रमाची सुरुवात असते, पालकाच्या डोक्यात मूल घरी कसं येणार हे असतं. बाहेरगावाहून परतायचं असेल आणि वेळ नक्की सांगता येत नसेल, तर तसंच लिहा: ‘साधारण साडेपाचला परत येऊ, उशीर होणार असेल तर पाचच्या आत निरोप देऊ.’ जागेचंही तसंच. ‘मैदानावर’ एवढं पुरत नाही, कोणत्या फाटकातून आत यायचं तेही हवं.

तारखांच्या चुका मात्र जवळजवळ सगळ्या एकाच ठिकाणी जन्माला येतात: गेल्या वर्षीच्या सूचनेची प्रत काढून त्यात बदल करताना. वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, त्यामुळे तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. १६ जानेवारी २०२६ ला शुक्रवार आहे, १६ जानेवारी २०२७ ला शनिवार. तारीख बदलली आणि वार जुनाच राहिला, की निम्मे पालक वार धरतात, निम्मे तारीख. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहायचे आणि दिनदर्शिका समोर ठेवून दुसऱ्या माणसानं ते ताडून पाहायचे. लिहिणाऱ्यालाच तपासायला दिलं तर तो आपल्या मनातलं वाचतो, कागदावरचं नाही.

बोलीतले शब्दही दगा देतात. ‘परवा’ म्हणजे गेलेला की येणारा, हे बोलताना सुरावरून कळतं, कागदावर कळत नाही. ‘पुढच्या शनिवारी’ हे गुरुवारी लिहिलं तर दोन दिवसांनी की नऊ, यावर एकाच घरात दोन मतं होतात. निरोप लिहिला जातो एका दिवशी आणि वाचला जातो भलत्याच दिवशी, त्यामुळे ‘उद्या’ हा शब्द सूचनेत असूच नये. ‘१२ वाजता’ ऐवजी ‘दुपारी १२’ लिहा.

संमतीपत्राबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे शिक्षकांचे सर्वाधिक तास वाया जातात. शेवटची तारीख मागून मोजत यायची असते. समजा सहल महिन्याच्या २५ तारखेला आहे. गाड्या किती, सोबत शिक्षक किती, कोणाला कसली ॲलर्जी किंवा औषध, हे सगळं अंतिम यादीवर अवलंबून. यादी पक्की व्हायला हवी १८ ला. म्हणजे संमतीपत्राची मुदत १५ ला, कारण तीन दिवस उशिरा येणारे कागद गोळा करण्यात जातातच. आणि पालकांना निदान दहा दिवस मिळायला हवेत, कारण त्यात दोन सुट्टीचे वार येतात आणि एखाद्या घरी सही करणारं माणूस आठवडाभर बाहेर असतं. म्हणजे कागद घरी जायला हवा ५ तारखेच्या आत. १२ ला आठवण, आणि २४ ला फक्त वेळ, जागा, सोबतचं सामान. आदल्या दिवशीच्या त्या निरोपात दुसरं काहीही घालू नका. रात्री दहाचे फोन तोच थांबवतो.

कागदाच्या रचनेतली एक चूक फारच सार्वत्रिक आहे. सही करून फाडून द्यायची पट्टी खाली, आणि तिच्याच मागच्या बाजूला सामानाची यादी किंवा वेळापत्रक छापलेलं. पट्टी शाळेत परत आली, की माहितीही तिच्याबरोबर परत आली! मागची बाजू कोरी ठेवा. पट्टीवर विद्यार्थ्याचं नाव, तुकडी आणि उपक्रमाचं नावही हवं, नाहीतर तीन उपक्रमांच्या पट्ट्या एकत्र झाल्यावर कोणती कशाची ते ओळखता येत नाही.

पैसे भरायचे असतील तर प्रत्येक सूचनेत, सगळ्यांसाठी, एक ओळ कायम ठेवा: ‘खर्चामुळे अडचण असेल तर वर्गशिक्षकांशी बोला, आपल्यातच राहील.’ ही ओळ सगळ्यांच्या कागदावर असली की कोणा एकाकडे बोट जात नाही. पैसे न भरलेल्यांची यादी फलकावर लावणं मात्र कोणत्याही कारणानं योग्य नाही. त्या यादीतलं मूल रोज तिच्यासमोरून जातं.

पाऊस, संप, आजारपण यांमुळे कार्यक्रम रद्द होऊ शकतो. त्याचा निर्णय कधी आणि कुठे कळेल हे मूळ सूचनेतच सांगून टाका: ‘पाऊस असल्यास निर्णय सकाळी ७ वाजता मोबाइल निरोपातून कळेल, निरोप आला नाही तर कार्यक्रम ठरल्याप्रमाणे.’ शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. तो नसेल तर निरोप न येण्याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो.

आणि तारीख चुकीची गेलीच, तर गुपचूप दुरुस्त करू नका. संगणकावरची प्रत बदलता येते, घराच्या दारामागे चिकटवलेली बदलता येत नाही. नवा निरोप ‘तारीख बदलली’ या शब्दांनीच सुरू करा आणि जुनी व नवी दोन्ही तारखा लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला आपण कोणती धरून बसलो होतो ते कळतं. फलक, निरोप आणि छापील अंक यांत तीन वेगळ्या वेळा दिसतात, त्याचं कारण बहुधा एवढंच असतं की तिघांनी तीन जणांना तोंडी विचारून लिहिलेलं असतं. शाळेत उपक्रमांची एकच मूळ वही किंवा एकच तक्ता असावा, त्यात बदल करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा आणि बाकी सगळ्यांनी तिथूनच उतरवून घ्यावं.

आता विद्यार्थ्यांकडे येऊ. बातमीपत्र मुलांनी लिहावं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते हौसेपोटी नाही. फ्रान्समधल्या बार-सुर-लू या गावी सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकानं १९२४ मध्ये वर्गात छोटा छापखाना आणला. मुलं स्वतः छपाईचे अक्षरखिळे जुळवून आपला मजकूर छापत आणि ती पानं फ्रान्समधल्याच दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेला पाठवत. तिकडची पानं इकडे येत. ती प्राथमिक शाळा होती, पण त्यातली मेख माध्यमिक वर्गांनाही तशीच लागू पडते. वाचणारा दूरचा आहे हे ठाऊक असलं, की आपल्याला उघड वाटणारी गोष्टही समजावून सांगावी लागते. आजच्या शाळेत हे साधायला एक साधी सवय पुरते. प्रत्येक मजकूर छापण्याआधी त्या कार्यक्रमाला हजर नसलेल्या दुसऱ्या वर्गातल्या विद्यार्थ्याला वाचायला द्या. त्यानं विचारलेले प्रश्न म्हणजे तुमच्या बातमीत राहून गेलेल्या जागा.

सहा ते आठ मुलांचं मंडळ पुरतं. त्याहून मोठं झालं की काम दोघंच करतात आणि बाकीचे बैठकीला येतात. अंक शुक्रवारी निघणार असेल तर सोमवारी माहिती गोळा, मंगळवारी लेखन, बुधवारी नावं आणि तारखा ताडणं, गुरुवारी पानं लावून मोठ्यानं वाचन. मोठ्यानंच. दोघांनी बसायचं, एकानं मूळ कागद वाचायचा, दुसऱ्यानं छापील पानावर बोट ठेवायचं. डोळा जे सुधारून वाचतो ते कान सोडत नाही. शेवटी जबाबदार शिक्षकाची सही, पण शिक्षकांनी वाक्यं बदलून आपली करू नयेत. चूक दाखवावी, दुरुस्ती मुलानं करावी. यात वेळ जातो, आणि तो द्यायलाच हवा.

मुलं पहिल्यांदा लिहितात तेव्हा मोठ्यांच्या अहवालाची नक्कल करतात. ‘विज्ञान प्रदर्शन मोठ्या उत्साहात संपन्न झालं. मान्यवरांनी मार्गदर्शन केलं.’ हे वाक्य कोणत्याही शाळेच्या कोणत्याही वर्षीच्या प्रदर्शनाला चालतं, म्हणजे त्यात बातमी नाही. त्यांना विचारा: किती प्रयोग होते, कशाभोवती गर्दी झाली, कोणता प्रयोग चालला नाही आणि का? मग असं काही येतं: ‘बत्तीस प्रयोगांपैकी पाण्याच्या गाळणीपुढे सर्वांत लांब रांग होती. पहिल्या तासात गाळलेलं पाणी गढूळच येत होतं, कारण वाळू आधी धुतलेली नव्हती. मुलांनी थर काढून वाळू धुतली आणि दुपारी पाणी नितळ आलं.’ हरलेल्या सामन्याचीही अशीच बातमी होते. गुणफलक, सामना कुठे फिरला, पुढचा सामना कधी. हरल्याचं झाकून ‘चुरशीची लढत’ म्हणायची गरज नाही, खेळलेल्या मुलांना खरं ठाऊक असतं.

नावं हजेरीपटावरूनच उतरवावीत, ऐकून नाही. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक त्या घरासाठी अख्ख्या अंकाहून मोठी असते. आणि कोणाची नावं येतात हे मोजा. शाळेच्या यादीची एक प्रत मंडळाकडे ठेवून, ज्याचं नाव छापलं त्यासमोर खूण करत जा. सत्राच्या अखेरीस दिसेल की पंधरा-वीस नावांपुढे पाच-पाच खुणा आहेत आणि निम्मी यादी कोरी आहे. ४०० मुलांच्या शाळेत वर्षाला वीस अंक निघत असतील आणि प्रत्येक अंकात वीस नवी नावं आली, तर वर्षभरात प्रत्येक मूल एकदा तरी येतं. हे अशक्य नाही. त्यासाठी बक्षिसांपलीकडे पाहावं लागतं. ग्रंथालयाची कपाटं लावणारी, नाटकात पडद्यामागे दिवे सांभाळणारी, नव्या विद्यार्थ्याला पहिला आठवडा सोबत करणारी मुलं शाळेत असतातच.

छायाचित्रांत दोन जोखमी आहेत. पहिली सुरक्षिततेची. मुलाचा चेहरा, पूर्ण नाव, तुकडी आणि तो रोज कधी, कुठे सरावाला असतो हे सगळं एकत्र छापू नये, विशेषतः अंक इंटरनेटवर जाणार असेल तर. छायाचित्रासाठी पालकांची लेखी संमती वर्षाच्या सुरुवातीला घ्यावी, छापील अंक आणि इंटरनेट यांसाठी वेगवेगळी, आणि नकार दिलेल्यांची यादी मंडळाच्या शिक्षकांच्या हाताशी असावी. मुलालाही विचारावं, तेरा-चौदाव्या वर्षी स्वतःचा फोटो नकोसा वाटणं अगदी स्वाभाविक आहे. मोबाइलनं काढलेल्या छायाचित्रात स्थळाची नोंद दडलेली असू शकते, ती पाठवण्याआधी काढून टाकावी. मागच्या फळ्यावर कोणाचा फोन नंबर तर लिहिलेला नाही ना, हेही पाहावं. दुसरी जोखीम दर्जाची. छापताना स्पष्ट दिसायला इंचाला ३०० बिंदू लागतात, म्हणजे ९ सेंटिमीटर रुंदीच्या चित्राला सुमारे १०६० बिंदूंची रुंदी. निरोपांच्या ॲपमधून आलेलं चित्र वाटेत आक्रसलेलं असतं. मूळ फाइल मागा. गटचित्रातली नावं जागेवरच, डावीकडून क्रमानं लिहून घ्या. आठवड्यानं आठवत नाहीत.

छपाईचं थोडक्यात: कागद मधोमध दुमडून केलेला अंक चारच्या पटीत पानं मागतो, म्हणून पाच पानांचा मजकूर झाला तर एक पान कापा, आठ करायला तीन पानं भरू नका. देवनागरीला वरखाली मात्रा-उकार असल्यानं १२ पॉइंटच्या अक्षराला १७-१८ पॉइंटची ओळ द्या. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, टंकित करा. जुन्या फाँटमधला मजकूर निरोपात चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात. सूचना नुसतं चित्र म्हणून पाठवू नका. चित्रातली अक्षरं दृष्टिहीन पालकांच्या फोनला वाचून दाखवता येतीलच असं नाही, आणि आठवड्यानंतर ‘सहल’ शब्द टाकून शोधली तर सापडत नाहीत. चित्र हवं तर पाठवा, पण खाली मजकूर द्या.

राहता राहिला सूचनाफलक. त्यावर लावणारे अनेक असतात, काढणारं कोणीच नेमलेलं नसतं. होऊन गेलेल्या स्पर्धांचे कागद महिनाभर टांगलेले राहिले, की मुलं फलकाकडे बघणंच सोडतात, आणि त्यातच उद्याची सूचना बुडते. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘काढण्याची तारीख’ लिहा, आणि दर शुक्रवारी मंडळातल्या दोघांनी फलकापुढे उभं राहून मुदत संपलेले कागद उतरवावेत. टाचण्यांची डबी सोबत न्यावी, नाहीतर एका टाचणीवर चार कागद चढतात.