उलट्या काट्याची टाकी

खंडवा–इंदूर मीटरगेजवरची वाफेच्या काळातली एका पाण्याच्या टाकीचं मॉडेल १:८७ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, करायला घेतलं, तेव्हा हाताशी एकच फोटो होता. मावशीचे सासरे, आमचे नाना, महूला रेल्वे इंजिनावर फायरमन होते, त्यांच्या अल्बममधला. टाकी केव्हाच भंगारात गेलेली, नकाशा नाही. या मार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांसाठी. एवढा हिशेब पुस्तकांत सापडतो. टाकीची उंची कोण लिहून ठेवणार?

माप अखेर टाकीनेच दिलं. ती ब्रेथवेट पद्धतीची होती, म्हणजे उठाव दिलेले पोलादी पत्रे कडांना बोल्ट मारून जोडलेले. असा पत्रा चार फूट चौरस असतो. १२१९ मिलिमीटर भागिले ८७, जवळजवळ नेमके १४! समोर चार पत्रे, बाजूला तीन, उंचीला दोन. खालचं दगडी बांधकाम टाकीच्या समोरच्या बाजूशी सरळ रेषेत होतं, म्हणून पत्र्याचीच फूटपट्टी करून तेही मोजलं: साडेचार पत्रे, म्हणजे ६३ मिलिमीटर.

मग सहज पाण्याचा हिशेब केला. २४ घनांत सुमारे ४३ हजार लिटर, म्हणजे ४३ टन. याच मार्गावर कालाकुंडहून पाताळपाणीकडे चाळीसला एक असा चढ, मागून जोराला दुसरं इंजिन; पाणी भरपूर लागणारच. पण एवढं ओझं डोक्यात बसल्यावर आधी कापलेले नाजूक गर्डर बघवेनात. मॉडेल रिकामं असलं तरी ते पेलणारं दिसायला हवं. जाड पट्ट्यांचे नवे केले.

पत्र्यांचं काम सगळ्यांत किचकट आणि सगळ्यांत मजेचं. सपाट पत्रा पाण्याच्या दाबाने फुगतो, म्हणून तो दाबून त्याला तिरप्या धारा देतात. खजुरी बाजारातून आणलेल्या आयव्हरी शीटचे थर चिकटवून एक साचा केला. त्यावर हॉटेलच्या पार्सलच्या डब्याची फॉइल ठेवून खोडरबराने दाबली, की धारा उमटतात. मागून फेविकॉल भरायचा, नाहीतर बोट लागताच चेपते. दगडकाम प्लास्टर ऑफ पॅरिसवर सुईने कोरलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

रंगाच्या आधी नानांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "काटा कुठाय रे?"

फोटोत टाकीला एक उभी फळी दिसत होती, ती मी शिडीचा भाग समजत होतो. ती निघाली पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी. आत तरंगता गोळा, त्याची दोरी कप्पीवरून बाहेर, टोकाला काटा. पाणी चढलं की काटा उतरतो. म्हणून आकडेही उलटे, शून्य वर. "नवी पोरं टाकी भरलेली पाहून रिकामी म्हणायची," नाना म्हणाले.

काटा खालून पाव उंचीवर लावला, टाकी पाऊण भरलेली. रेडऑक्साइड, त्यावर चंदेरी, आणि खालच्या बोल्टांपासून गंजाचे ओघळ. वरच्या रांगेला नाही, कारण गळती दाब असेल तिथेच जास्त.

आता वॉटर कॉलम, म्हणजे इंजिनात पाणी भरायचा रुळांजवळचा खांब, उरलाय. या प्रमाणात मीटरगेज, म्हणजे रुळांमधलं एक मीटर अंतर, साडेअकरा मिलिमीटर येतो आणि रूळ मिळतात १२ चे, तेवढं चालतं. कॉलमची फिरती सोंड पितळी नळीची होईल. टोकाच्या चामडी पिशवीसाठी जुन्या हातमोज्याचं एक बोट बाजूला काढून ठेवलंय.