हिराकस आणि निकेलची पट्टी

पाण्यातून हायड्रोजन काढायच्या प्रयोगासाठी ऑनलाइन मागवलेल्या निकेलच्या पट्ट्या घरी आल्या की मी आधी त्यांवर खिळ्याने ओरखडा काढते आणि रात्रभर मिठाच्या पाण्यात टाकून ठेवते. सकाळी ओरखड्यावर तांबूस गंज दिसला, तर पट्टी आतून लोखंडी आणि वरून निकेलचा नुसता मुलामा. इथे चुंबकाचा उपयोग नाही, निकेललाही तो चिकटतो. या वेळी तीन पाकिटांपैकी दोन अशीच निघाली.

गुहागर तालुक्यात मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. पाण्यातून वीज सोडली की एका टोकाला हायड्रोजन आणि दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन सुटतो, हे मुलांना पाठ असतं. त्याला वीज किती लागते, हे मात्र कुणी विचारत नाही. मला तोच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. एक किलो हायड्रोजन काढायचा तर घटावरच्या, म्हणजे पाणी फोडायच्या भांड्यावरच्या, प्रत्येक व्होल्टमागे साधारण २६.६ युनिट वीज जाते. पाणी फोडायला कागदावर १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. जास्तीचे बहुतेक व्होल्ट ऑक्सिजनच्या टोकाला खर्ची पडतात, कारण ऑक्सिजनचा एक रेणू जुळायला चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात आणि ते काम रेंगाळतं. उत्प्रेरक हवा तो तिथे.

पाणी फोडायच्या यंत्रात दोन टोकांमध्ये आम्लधर्मी पडदा असेल, तर तिथे इरिडियम हा धातू वापरतात. जगभरात ते वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं, त्यातलं बहुतेक दक्षिण आफ्रिकेत. एवढ्याशा धातूवर जगाचा हायड्रोजन कसा उभा राहणार? पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कली द्रावणात मात्र निकेल चालतं. आणि त्या निकेलला खरी धार येते ती लोखंडामुळे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये नकळत आलेलं किंचित लोखंडसुद्धा निकेलच्या थरात शिरून ऑक्सिजन सुटणं सोपं करतं, हे डेनिस कॉरिगन यांनी १९८७ साली दाखवून दिलं. इथे खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत फुगतात, जांभ्याची माती कपड्यांवरून निघत नाही. ज्या लोखंडाच्या गंजाला आपण जन्मभर शिव्या घालतो, तेच इथे उपयोगी पडतं, हे वर्गात सांगताना मला दरवर्षी नव्याने आनंद होतो.

मग आम्ही करून पाहिलं. खताच्या दुकानातून हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, आणला, नारळाला घालतात तोच. निकेलची पट्टी त्याच्या पातळ द्रावणात बुडवून काढली, धुतली आणि अल्कली द्रावणात ठेवून प्लसला जोडली. प्रवाह तेवढाच ठेवला. साध्या पट्टीला मल्टिमीटरवर २.०८ व्होल्ट होते, हिराकसातून काढलेलीला १.९३. फरक ०.१५ चा. म्हणजे किलोमागे चार युनिट वाचले, तेही मूठभर हिराकसाच्या किमतीत! (घरी करणाऱ्यांनी डोळ्यांना चष्मा लावा, अल्कली द्रावण कातडी जाळतं. आणि दोन्ही वायू एकत्र साठवू नका.)

मागच्या बाकावरची एक मुलगी, तिच्या वडिलांची होडी आहे, म्हणाली, "मॅडम, एवढा समुद्र दारात आहे, तेच पाणी का नाही घ्यायचं?" मी तिला घेऊ दिलं. पाच मिनिटांत प्रयोगशाळेत पोहण्याच्या तलावासारखा वास सुटला आणि आम्ही सगळ्या खिडक्या उघडल्या. तो क्लोरीन. त्याच्या रेणूसाठी दोनच इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, म्हणून तो ऑक्सिजनच्या आधी बाहेर पडतो. मायनसच्या पट्टीवर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा थर बसला, तो वेगळाच. अल्कली घातली की क्लोरीनला थोडं थोपवता येतं, पण क्लोराइड धातूला पोखरायचं थांबत नाही.

त्या मुलीला मी दुसरा हिशोब करायला दिला. किलोभर हायड्रोजनला पाणी लागतं नऊ लिटर. समुद्राचं हजार लिटर पाणी गोडं करायला तीन-चार युनिट लागतात, मग नऊ लिटरला किती? हायड्रोजनच्या पन्नासेक युनिटांपुढे ते काहीच नाही. तेव्हा पाणी आधी गोडं करावं आणि मगच फोडावं. खारं पाणी थेट फोडणारा उत्प्रेरक शोधण्यात हुशार माणसं वर्षं घालवतात, ती त्यांनी निकेल-लोखंड टिकाऊ करण्यात घालवावीत असं मला मनापासून वाटतं.

कारण दुखणं टिकण्याचंच आहे. चालू-बंद केलं की थरातलं लोखंड हळूहळू द्रावणात सुटतं, आणि सौर पॅनेलवर तर रोज संध्याकाळी बंद होणारच. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात अमोनियासाठी नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढतात. या पद्धतीत किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्वस्त हिरवा हायड्रोजन, म्हणजे सौर विजेसारख्या स्वच्छ विजेवर पाण्यातून काढलेला, आला तर आधी अशा जागी पोचावा, स्कूटरचं नंतर बघू. पण तिथे पट्टी वर्षानुवर्षं चालायला हवी, माझ्या पट्टीसारखी आठवडाभर नव्हे.

आमची पट्टी आता गच्चीवरच्या छोट्या पॅनेलला लावली आहे. होडीवाल्यांची ती मुलगी रोज शाळेआधी येऊन आकडा वहीत लिहिते. आज नववा दिवस. १.९८.