दिवाणखान्याचा एक तुकडा

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. एडिनबरा

आज खिडकी उघडली एकदाची. एकोणीस दिवस बंद होती. चौकट जिला लटकते ती दोरी तुटून वर सरकवलेली चौकट धाडकन खाली आली, तेव्हा मी चहा गाळत होते. निम्मा चहा ओट्यावर. घर भाड्यानं देणाऱ्या एजन्सीला चार मेल केले. दर वेळी उत्तर तेच, 'इमारत लिस्टेड आहे, बघून सांगतो.' लिस्टेड म्हणजे वारसा म्हणून जपलेली. दोरी बदलायला कसली आलीय परवानगी? ती लागते खिडकी बदलायला. म्हणून तर ही एकेरी काचच नशिबी आहे, आणि रोज सकाळी तिच्यावर साचलेलं पाणी टॉवेलनं पुसणंही.

सुतारकाका आले सकाळी दहाला. चौकटीच्या कडेला एक फळी होती, रंगाखाली पार लपलेली. मला ती दोन वर्षांत दिसली नव्हती. त्यांनी पातळ पात्यानं तिची कड मोकळी केली, फळी काढली, आत हात घातला आणि लोखंडाचा एक लांबट दंडगोल बाहेर काढून माझ्या हातात ठेवला. वाण्याच्या तराजूतल्या पाच किलोच्या वजनाची आठवण झाली. अशी दोन वजनं दोन्ही बाजूंना लपून लोंबत असतात, चौकटीला तोलून धरतात, म्हणून एवढी मोठी खिडकी दोन बोटांनी सरकते. नवी दोरी सुती, मेण लावलेली. कप्पीवरून ओवली, गाठ मारली, झालं. तासाभराचं काम.

मी राहते तो न्यू टाउनचा, म्हणजे एडिनबराच्या जुन्या आखीव वस्तीचा, दुसरा टप्पा. वास्तुरचनाकार जेम्स क्रेगचा मूळ आराखडा १७६७ चा. उताराकडचा हा भाग रीड आणि सिबाल्ड यांनी १८०२ च्या सुमारास आखला. तेव्हा अख्खं घर एका कुटुंबाचं. तळघरात स्वयंपाक, माळ्यावर नोकर आणि पहिल्या मजल्यावर, सगळ्यात उंच छताखाली, दिवाणखाना. त्याला तीन खिडक्या. पुढे कधीतरी मध्ये भिंत घातली. एक खिडकी माझ्या वाट्याला आली, दोन शेजारच्या आजींच्या.

छताखालची नक्षीची पट्टी माझ्या तीनच भिंतींवर आहे. चौथीपाशी ती पानाच्या मध्यावर भिंतीत घुसते. परवा आजींचं पार्सल द्यायला गेले तेव्हा पलीकडे तेच पान पुरं झालेलं पाहिलं. छतावरचं प्लास्टरचं मोठं फूलही त्यांच्याकडेच, शेकोटीही त्यांच्याकडे. 'पण शटर तुझ्याकडचे चांगले,' त्या म्हणाल्या. खरंच आहे. माझे लाकडी पल्ले अजून दुमडून भिंतीत जातात. त्यांचे रंगानं चिकटलेत.

आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "मग आपल्या वाड्यात काय वेगळं होतं? माजघर कापूनच दोन बिऱ्हाडं केली होती की." भाडं साडेबाराशे पाउंड म्हटल्यावर मात्र गप्प झाली. काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, वेगळा, हे मी सांगितलंच नाही.

तरी हलावंसं वाटत नाही. पुण्यात अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर किती घरं बदलली! इथल्या करारात शेवटची तारीखच नाही. १ डिसेंबर २०१७ पासून स्कॉटलंडमध्ये नवे करार असेच. मालकाला घर हवं असेल तर कायद्यात दिलेलं कारण दाखवावं लागतं. मी निघायचं म्हटलं तर २८ दिवसांची नोटीस पुरते. डिपॉझिटही मालकाच्या खिशात नाही, सरकारमान्य योजनेत. हे सगळं त्या एजन्सीला माहीत आहे, फक्त दोरीचं तेवढं माहीत नव्हतं.

दुपारी एकला किल्ल्यावरची तोफ ऐकू आली. रविवार सोडला तर जवळपास रोज वाजते, पण उघड्या खिडकीतून बऱ्याच दिवसांनी.

चारलाच अंधार पडला. पल्ले ओढले, आडणा लावला. भिंतीपलीकडे आजींनी बातम्या लावल्यात. भिंत पातळ, हवामान मलाही कळलं: रात्री शून्याखाली. उठून जुना टॉवेल आणला आणि खालच्या फटीत कोंबला.