चार पानं जास्त

सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडायची पानं. दहा फर्म्यांची १६० पानं. आमचं पुस्तक भरत होतं १६४. या धंद्यात नसलेल्याला त्यात काय एवढं, असं वाटेल. पण ही वरची चार पानं म्हणजे ठसठसणारं दुखणं असतं. एक तर चार पानं कापायची, नाही तर अकरावा फर्मा घेऊन बारा कोरी पानं वाचकाच्या गळ्यात मारायची. पाव फर्मा वेगळा छापायला छापखाना तयार होतो, पण कुरकुर करत, आणि दर वाढवून. दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर छपाईला जायचा होता. म्हणजे कापायचं, हे ठरलेलंच होतं.

कुमारवयीन मुलांसाठी परदेशी अभिजात कादंबऱ्यांच्या संक्षिप्त आवृत्त्या, अशी आमची सहा पुस्तकांची मालिका. संपादन माझ्याकडे. चार पुस्तकं झाली होती, पाचवं होतं चार्ल्स डिकन्सचं 'डेव्हिड कॉपरफील्ड'. मूळ कादंबरी ६४ प्रकरणांची, मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० अशी दीड वर्षं दरमहा हप्त्याहप्त्यानं निघालेली. ती १६० पानांत बसवायची म्हणजे झाडाची कुंडी करायची. अशा वेळी मी एकच प्रश्न विचारते : हे काढलं तर पुढचं अडतं का? अडत नसेल तर बाहेर. या प्रश्नानं मला कधी दगा दिला नव्हता.

त्या सकाळी तो प्रश्न मी लंडनच्या गोदामाला लावला. सावत्र बाप डेव्हिडला गोदामात कामाला घालतो. तिथं तो बाटल्या धुतो, लेबलं डकवतो, एकटा पडतो आणि शेवटी पळून आत्याकडे जातो. कथानक आत्याकडे पोचल्यावर पुढे सरकतं. मिकॉबर हे पात्र पुढं लागतं, पण घरमालक म्हणून त्याची ओळख चार ओळींत होते. आमच्या आवृत्तीतलं गोदामाचं प्रकरण सव्वाचार पानांचं होतं. देवच पावला म्हणायचा. मी तिथं तीन वाक्यं टाकली : 'डेव्हिडला एका गोदामात कामाला ठेवण्यात आलं. तिथं त्याचे फार हाल झाले. शेवटी एक दिवस तो तिथून पळाला.' पानं जुळली, सुधारित प्रुफं काढली आणि अण्णांकडे पाठवली.

अण्णा आमचे मुद्रितशोधक. सत्तरी कधीच ओलांडलेली, आठवड्यातून दोन दिवस येतात. ओळीखाली लाकडी पट्टी धरून वाचतात आणि अनुवाद असेल तर शेजारी मूळ पुस्तक उघडं ठेवतात. हे करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही, त्याचे पैसेही मिळत नाहीत. बोलणं जवळजवळ नाही. काय असेल ते समासात पेन्सिलीनं. प्रुफं शिपायाबरोबर येतात-जातात. त्या दिवशी दुपारी ते स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

"पान ४१," ते म्हणाले.

माझ्या तीन वाक्यांना उभी रेघ मारलेली होती. समासात एकच शब्द : 'का?'

"चार पानं जास्त होत होती, अण्णा. आणि त्याशिवाय कथा अडत नाही."

"अडत नाही, खरंय." ते खुर्ची ओढून बसले. "मला एक सांग, हा मुलगा कामाला लागतो तेव्हा त्याचं वय किती?"

"दहा."

"लेखकाचं किती होतं?"

मला प्रश्नच कळला नाही. डिकन्सचं बालपण गरिबीत गेलं, हे अर्थात ठाऊक होतं. ते मी लेखक-परिचयात लिहिलंही होतं, आणि तो परिचय याच पुस्तकाच्या सुरुवातीला दिमाखात छापला जाणार होता. अण्णांनी काखेतलं जाडजूड पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. डिकन्सचा मित्र जॉन फॉर्स्टर यानं लिहिलेलं चरित्र. खुणेची चिठ्ठी दुसऱ्या प्रकरणात होती. "वाच. मी तोवर सहाव्या फर्म्याचं बघतो," म्हणाले आणि गेले.

छपाईच्या आदल्या दिवशी दुपारी चरित्र वाचत बसण्याइतकी चैन नसते. पानभर वाचून परत करायचं, असं ठरवून उघडलं.

१८२४चा फेब्रुवारी. चार्ल्सला नुकतं बारावं संपलेलं. एका नातेवाइकाच्या ओळखीनं त्याला थेम्सकाठच्या एका पडक्या, उंदरांनी भरलेल्या इमारतीत, बुटाचं काळं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात चिकटवलं जातं. आठवड्याला सहा शिलिंग. काम असं : पॉलिशच्या बरणीचं तोंड आधी तेलकट कागदानं झाकायचं, त्यावर निळा कागद, मग भोवती दोरा बांधायचा, कागदाच्या कडा सगळीकडून नीट कातरायच्या, आणि औषधवाल्याच्या मलमाच्या बरणीसारखी ती नेटकी दिसू लागली की लेबल डकवायचं. पुढची बरणी. पंचविसेक वर्षांनी लिहितानाही कागदांचा क्रम त्याच्या बोटांना आठवत होता. वर्षं आठवत नव्हती मात्र. हे किती दिवस चाललं, वर्षभर, जास्त की कमी, काहीच कल्पना नाही, असं तो स्वतः लिहितो.

दोनच आठवड्यांत वडिलांना अटक झाली. एका पाववाल्याचे ४० पौंड देणं होतं. त्या काळचा कायदा आज वाचताना हसावं की रडावं कळत नाही : देणं फिटेपर्यंत देणेकरी तुरुंगात, आणि तुरुंगात असल्यामुळे कमवायची सोय नाही. बायकामुलांना हवं तर आत येऊन राहता येई. आई धाकट्यांना घेऊन मार्शलसी तुरुंगात राहायला गेली. चार्ल्स बाहेर, भाड्याच्या जागेत एकटा.

कारखान्यात बॉब फॅगिन नावाचा एक थोरला मुलगा होता. चार्ल्सच्या कुशीत कळ यायची तेव्हा तो रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून शेक द्यायचा. एकदा कळ फारच वाढली, तेव्हा संध्याकाळी बॉब त्याला घरी पोचवायला निघाला. घर कुठलं? वडील तुरुंगात, हे तर सांगायचं नव्हतं. चार्ल्सनं त्याला कटवायचा बराच प्रयत्न केला. शेवटी एका पुलाजवळच्या कुठल्याशा घराच्या पायरीवर उभं राहून, हेच माझं घर, असं म्हणून त्याचा निरोप घेतला. बॉब मागं वळून बघेल या भीतीनं दारही ठोठावलं. बाई बाहेर आली तेव्हा तिला विचारलं, "बॉब फॅगिन इथंच राहतो का?"

इथं मी थांबले. शेक देणाऱ्या या मुलाचं आडनाव डिकन्सनं पुढं कुणाला दिलं? 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला. त्या मुलाचा काय दोष होता? इतकाच, की त्यानं आपल्याला त्या जागी पाहिलं होतं, असं मला वाटलं. यावर संशोधक काय म्हणतील ते म्हणोत.

आणखी एक प्रसंग. पुढं कारखाना दुसऱ्या जागी गेला. तिथं मुलं खिडकीत बसून काम करायची, आणि त्यांचा हात इतका बसला होता की रस्त्यावरची माणसं बघायला थांबत. तुरुंगातून सुटलेले वडील एकदा कामाच्या ऐन घाईत दारातून आत आले. त्यांना हे कसं बघवलं, असं मुलाच्या मनात आलं. एवढंच लिहिलंय. वाक्य संपतं.

शेवटी वडिलांचं कारखान्यातल्या त्या नातेवाइकाशी भांडण झालं आणि चार्ल्स सुटला. दुसऱ्या दिवशी आई जाऊन मिटवून आली. मुलगा परत येऊ दे, असा निरोप घेऊन आली. वडील म्हणाले, नाही, हा शाळेत जाईल. त्यावर डिकन्स लिहितो : मला परत पाठवण्याबद्दल आई आग्रही होती, हे मी नंतर कधी विसरलो नाही, कधी विसरणार नाही, विसरूच शकत नाही.

मान वर केली तेव्हा साडेतीन वाजले होते. कचेरीतले सगळे जेवून परत आले होते.

हा मजकूर डिकन्सनं १८४०च्या दशकाच्या अखेरीस फॉर्स्टरसाठी लिहिला. तोही सहज नाही. लहानपणी तुला असं कुठं काम करताना पाहिल्याचं कुणीतरी सांगत होतं, असं फॉर्स्टरच्या बोलण्यात आलं, तेव्हा डिकन्स काही मिनिटं नुसता गप्प बसला होता. नंतर त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद त्यानं जवळजवळ तसेच उचलून 'डेव्हिड कॉपरफील्ड'च्या अकराव्या प्रकरणात घातले. म्हणजे मी सकाळी तीन वाक्यांत गुंडाळलं ते. हजारो लोकांनी ते गोष्ट म्हणून वाचलं आणि हे लेखकाचंच आहे, हे कुणाला कळलं नाही. १८७० साली तो गेला, आणि त्यानंतर निघालेल्या फॉर्स्टरच्या चरित्रातून ते जगाला कळलं.

मी अण्णांच्या टेबलापाशी गेले. माझी एक तक्रार होती आणि ती मी बोलून दाखवली. कादंबरीत लेखकाचं चरित्र हुडकण्याचा मला मनापासून कंटाळा आहे. ही नायिका म्हणजे त्याची अमकी, हा खलनायक म्हणजे त्याचा तमका. साहित्याच्या नावाखाली चाललेल्या चहाड्या सगळ्या.

"मग हुडकू नकोस," अण्णा म्हणाले. "त्यानं काय बदललं तेवढं बघ."

आणि पट्टी बाजूला ठेवून त्यांनी एकेक मांडलं. इतकं बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. बाराचं वय दहा केलं. बुटाच्या पॉलिशच्या जागी दारूच्या बाटल्या आणल्या. वडिलांचं दिवाळखोर, बोलघेवडं, लाघवी रूप मिकॉबरला दिलं. वर्षाला २० पौंड मिळकत असली आणि १९ पौंड १९ शिलिंग ६ पेन्स खर्च केले तर माणूस सुखी, हा मिकॉबरचा हिशेब वडिलांनीच मार्शलसीत मुलाला ऐकवला होता. पण तुरुंग बदलला : मिकॉबर मार्शलसीत जात नाही, किंग्ज बेंचमध्ये जातो. मार्शलसीचं नाव घेऊन कादंबरी लिहायला आणखी काही वर्षं जावी लागली. १८५५ ते ५७ या काळात 'लिटल डॉरिट' आली तेव्हा तो तुरुंग बंद होऊन दशक उलटलं होतं, आणि लेखन संपत आल्यावर डिकन्स त्या जागी जाऊन उरलेल्या भिंती बघून आला.

"आणि आई?" मी विचारलं.

"आई कुठंय?"

मी मनातल्या मनात प्रकरणं मोजली. डेव्हिडची आई भोळी, मायाळू, आणि ती जाते नवव्या प्रकरणात. मुलगा गोदामात पोचतो अकराव्यात. धाडणारा सावत्र बाप. कादंबरीत ती जिवंत असती तर तिला काहीतरी म्हणावं लागलं असतं. 'हो' म्हणालेली आई डिकन्सला लिहिता आली नसावी, आणि 'नको' म्हणालेली आई त्याच्याकडे नव्हती. हे माझं अनुमान. अण्णांनी त्यावर हो-नाही काहीच केलं नाही, पट्टी पुन्हा ओळीखाली धरली.

आता अडचण पुन्हा तीच : चार पानं. संध्याकाळचे पाच. मी पुस्तक पहिल्यापासून चाळायला घेतलं, कात्री कुठं लागते बघायला. फार लांब जावं लागलं नाही. पान ५ ते ८ : 'लेखक आणि त्याचा काळ'. मी लिहिलेलं. औद्योगिक क्रांती, बालमजुरी, देणेकऱ्यांचे तुरुंग, १८६९ साली कर्जापायीची कैद जवळजवळ संपवणारा कायदा. सगळं बरोबर. मधे एक वाक्य : 'डिकन्सचे बालपण अत्यंत हलाखीत गेले व त्याचे प्रतिबिंब त्याच्या लेखनात पडले आहे.' प्रतिबिंब जिथं पडलं होतं ते प्रकरण काढून मी हे वाक्य ठेवलं होतं.

चारही पानं काढली. लिहायला मला आठ दिवस लागले होते, त्यामुळे जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. जन्म-मृत्यूची सालं मलपृष्ठावर टाकली. गोदामाचं प्रकरण जागच्या जागी बसलं, सव्वाचार पानांतलं ते पाव पान दोन परिच्छेद आवळून जिरवलं. अनुक्रमणिका आणि पृष्ठक्रमांक बदलायला डीटीपीवाल्या मुलीला आठपर्यंत थांबवावं लागलं. ती माझ्याशी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

निघताना चरित्र अण्णांना परत केलं. त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती त्या पुस्तकात नाही, डिकन्सच्या मुलाच्या आठवणींत आहे. १८६९चा नाताळ, डिकन्सचा शेवटचा. घरात स्मरणशक्तीचा खेळ चाललेला. प्रत्येकानं आधीच्यांचे सगळे शब्द म्हणायचे आणि आपला एक जोडायचा. डिकन्सची पाळी आली. त्यानं मागचं सगळं बिनचूक म्हटलं आणि स्वतःचे शब्द जोडले : 'वॉरन्स ब्लॅकिंग, ३०, स्ट्रँड'. आवाजात काहीतरी वेगळं होतं, डोळ्यांत चमक होती, एवढं मुलाच्या लक्षात राहिलं. पॉलिशच्या कारखान्याच्या या नावामागची गोष्ट तिथं कुणालाच ठाऊक नव्हती. पुढच्यानं ते आपल्या यादीत घेतलं असेल आणि खेळ चालू राहिला असेल.

पुढच्या आठवड्यात मालिकेतल्या सहाव्या पुस्तकाची, 'लिटल विमेन'ची, पहिली प्रुफं अण्णांकडून आली. चार बहिणी शेकोटीपाशी बसल्यात, वडील युद्धावर गेलेत, घरी कधी येतील ठाऊक नाही. या कादंबरीची सुरुवात बहुतेकांना पाठ असते. 'वडील युद्धावर' या शब्दांखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि समासात लिहिलेलं होतं : 'यादवी युद्धात लेखिका स्वतः परिचारिका म्हणून गेली होती. वडील घरीच होते.'

मी प्रुफं बाजूला ठेवली आणि आधी पानं मोजली. १७१ भरत होती.