किती इंच उचलू? तुम्ही विचारलंत म्हणून

“दादा, थारला किती इंच लिफ्ट टाकू? आणि शॉकअप कुठले घेऊ?”

पंपावर, लग्नाच्या पंगतीत, नाशिकच्या द्वारका चौकात स्पेअर पार्टच्या दुकानात, माझी गाडी दिसली की हा प्रश्न येतोच. लिफ्ट म्हणजे गाडी तिच्या मूळ उंचीपेक्षा वर उचलणं. आजवर मी “निवांत भेटू, सांगतो” म्हणून टाळत आलो. दोन वाक्यांत सांगितलं की ऐकणाऱ्याच्या लक्षात फक्त इंच राहतात, आणि इंचांपायी माझ्या घरात काय झालं ते मला विसरता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सगळं सांगतो.

आधी गाडी काट्यावर न्या. दिंडोरीला, पिंपळगावला, सिन्नरला, कुठेही वजनकाटा सापडेल. नेहमी जेवढं सामान आणि जेवढी माणसं असतात तेवढी बरोबर घ्या. पूर्ण गाडीचं वजन करा, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून एकदा आणि फक्त मागची ठेवून एकदा. हे आकडे नसताना पाटे, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, निवडणं म्हणजे माप न देता सदरा शिवायला टाकणं. मी तेच केलं होतं.

पाट्याचं काम वजन पेलायचं, उंची त्या हिशोबातून निघते. समजा मागचे दोन्ही पाटे मिळून एक मिलिमीटर दबायला ६ किलो लागतात. २०० किलो ठेवले तर मागची बाजू ३३ मिलिमीटर बसेल, म्हणजे सव्वा इंचाहून थोडं जास्त. तयार संच हलक्या, मध्यम, जड अशा वजनांच्या हिशोबाने मिळतात. जड संचावर २ इंच लिहिलेलं असतं ते कायमचं सामान धरून. मी जड घेतला, कारण विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) लावणार होतो, लोखंडी बंपर लावणार होतो, वर कॅरिअर, मागे पाण्याची टाकी. यातलं काहीच लागलं नाही. तो २ इंचांचा संच माझ्या रिकाम्या गाडीखाली सव्वातीन इंच उभा राहिला. मला तेव्हा तो फायदा वाटला. सव्वा इंच फुकट मिळाला असं मी मित्राला फोन करून सांगितलं होतं.

माझी थार जुनी, सीआरडीई. मागे पाटे, पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा लोखंडी दांडा. मागची बाजू चढली म्हणून पुढचे बार पिळून घेतले. बार पिळल्याने तो कडक होतो असं सगळे सांगतात, ते खरं नाही. बार तोच राहतो, गाडी फक्त वर उभी राहते. पण चाकाला खाली जायला जी जागा होती ती संपते, वरचा आर्म लगेच रबरावर आदळतो, आणि तो दणका आपल्याला कडकपणा वाटतो. शिवाय पुढच्या ॲक्सलच्या जॉइंटचा कोन वाढतो, त्यांची रबरी बूट फाटतात, अलाइनमेंट बिघडते. हे सगळं माझ्या गाडीत झालं, पण ते पैशांचं नुकसान होतं. त्याचं मला काही वाटत नाही.

आता शॉकअपचं सांगतो, कारण खरी चूक तिथे झाली.

शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही. पाटा दबला की त्याला परत उसळायचं असतं, ती उसळी आवरणं हे शॉकअपचं काम. पाटा जड घेतला की उसळीही जोरदार येते, म्हणून जुना शॉकअप त्याला अपुरा पडतो आणि गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डुलते. इथपर्यंत मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे: मागच्या ॲक्सलला खाली किती लोंबकळू द्यायचं, ते बऱ्याच गाड्यांमध्ये शॉकअपची लांबीच ठरवते. पूर्ण ताणला गेला की तो ॲक्सलला धरून ठेवतो. गाडी उचलल्यावर माझे मूळचे शॉकअप उभ्या गाडीतच जवळजवळ ताणलेले दिसायला लागले, म्हणून मी लांब शॉकअप टाकले. म्हणजे ॲक्सलला धरणारा हात मी स्वतः सोडला. त्यानंतर धरायला उरला तो चासीपासून (गाडीच्या सांगाड्यापासून) ॲक्सलपर्यंत जाणारा ब्रेकचा रबरी होज पाइप.

जुलै महिना होता. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पेठला त्यांच्या जुन्या कंडक्टरला भेटायचं होतं. आण्णा एसटीत चालक होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि पेठ रस्ता त्यांनी किती वेळा केला असेल याचा हिशोब नाही. नवी गाडी वाटावी इतकी ती त्यांना उंच वाटली. चढताना त्यांनी एकदा वाकून मागच्या चाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, “पाटे रिकाम्या गाडीला जास्त आहेत रे.” मी म्हणालो, “आण्णा, तुमच्या बसचं वेगळं.” हे वाक्य मी बोललो. ते बदलता येत नाही.

वाटेत एका पाड्याकडे जाणारा कच्चा रस्ता दिसला आणि मला गाडी दाखवायची हौस आली. ओहळ ओलांडताना मागचं डावं चाक हवेत लोंबलं, पूर्ण खाली. आण्णांना मी म्हणालो, काचेतून बघा, चाक किती खाली जातं. ते काही बोलले नाहीत. होज तेव्हाच ताणला जाऊन पिळलेल्या टोकाशी चिरला असणार. तेल तिथेच गळायला लागलं असेल, पण पावसात आणि चिखलात ते कोणाला दिसणार?

कोटंबी घाटात उतारावर, वळणाच्या आधी मी ब्रेक दाबला आणि पॅडल जवळजवळ तळाला गेलं. मागचा ब्रेक गेला होता, पुढचा उरला होता. दोन्हींचं तेल वेगवेगळ्या नळ्यांतून जातं म्हणून एवढं तरी उरलं. ओल्या रस्त्यावर उंच झालेली गाडी, पुढे सगळा भार, मागची बाजू हलकी. आण्णा ओरडले नाहीत. “गिअर उतरव. दुसरा. आता पहिला. डोंगराकडे घे,” एवढंच, एसटीच्या आवाजात. मी डोंगराच्या बाजूच्या गटारात गाडी घातली. ती कलली, खडकाला घासत गेली आणि थांबली. आण्णांनी डावा हात समोर टेकवला होता. मनगट तिथेच मोडलं.

एका टेंपोवाल्याने आम्हाला पेठच्या ग्रामीण रुग्णालयात पोचवलं. आण्णा रस्ताभर मोडलेला हात उजव्या हाताने छातीशी धरून बसले होते आणि त्या टेंपोवाल्याला त्याच्या गावची चौकशी करत होते. मला ते एकदाही काही बोलले नाहीत. आजही नाहीत. मनगट जुळलं, पण पूर्ण वळत नाही. त्यानंतर त्यांनी कोणाचीही गाडी हातात घेतली नाही. मी एकदा किल्ली पुढे केली, तेव्हा “राहू दे” म्हणाले.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, लिफ्टच वाईट. ते मला मान्य नाही. ज्या गॅरेजात काम झालं तिथे कोणीही होज तपासला नाही, बंप स्टॉप बदलला नाही, प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद ॲक्सलला पोचवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, कोन पाहिला नाही. शॉकअप लावायच्या आधी मागच्या ॲक्सलला जॅकने पूर्ण वर आणि मग पूर्ण खाली नेऊन, होज, वायरी, क्रॉस बघायचे असतात. शॉकअप दबून आत बसण्याआधी रबरी बंप स्टॉप लागला पाहिजे, आणि ताणताना होज आणि क्रॉस यांच्या हद्दीच्या आत शॉकअपने थांबायला हवं. अर्ध्या तासाचं काम आहे. मी पैसे मोजले होते, हे त्यांचं काम होतं.

पण मीच विचारलं असतं तर? बिल हातात घेताना मी फक्त टेप लावून उंची मोजली होती. आणि आण्णांनी पाट्यांबद्दल सांगितलं तेव्हा ऐकलं असतं तर गाडी तेवढी वर गेलीच नसती, लांब शॉकअप लागलेच नसते. गॅरेजची चूक सांगून झाली की दर वेळी मी इथेच येऊन थांबतो.

आणखी एक गोष्ट, जी कोणाला ऐकायची नसते. मागच्या अखंड ॲक्सलचा गोळा (मधला डिफरन्शियलचा फुगीर भाग) लिफ्टने एक मिलिमीटरही वर जात नाही. दगडाला लागतो तो गोळाच, आणि तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. मग लिफ्ट मोठ्या टायरला जागा करण्यासाठी आणि पोट खडकावर टेकू नये यासाठी. एवढ्यासाठी मला दीड इंच पुरला. आज गाडीखाली मध्यम पाटे आहेत, त्यांच्या मापाचे शॉकअप आहेत, लांब होज आहे, बार परत खाली घेतलेत. ज्या गाड्यांच्या मागच्या ॲक्सलला वजनानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांनी तोही नव्या उंचीला जुळवून घ्यावा. गाडी उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो.

कायद्याचंही विचारता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही. माझी गाडी आजही दीड इंच वर आहे. यावर माझ्याकडे बचाव नाही, आणि तो असल्यासारखं मी दाखवणार नाही.

जड पाट्यांचा तो संच मी विकलेला नाही. शेडमध्ये पोत्यात गुंडाळून ठेवलाय. विंच आणि टाकी खरंच लावली, आकडे काट्यावर जुळले, तर तोच संच बरोबर ठरेल, हे मला कळतं. दरवर्षी पावसाळ्याआधी मी तो बाहेर काढून गंज पुसतो आणि पुन्हा ठेवून देतो. गेल्या वेळी आण्णा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी डाव्या हाताने एक पाटा उचलून बघितला, अर्धा वर आला, तसाच ठेवला आणि विचारलं, “वजन केलंस का?”

अजून केलेलं नाही.